चौतिसावं मिनिट

गेल्या अंकात रेकॉर्ड केलेल्या लेक्चरांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रांत एकच दुखणं आहे, फक्त कुणी ते परीक्षेच्या तोंडावर सांगतंय तर कुणी वर्षाच्या सुरुवातीला. मी बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. अलीकडे माझा प्रत्येक तास रेकॉर्ड होतो आणि मुलं तो कुठे थांबवतात, कुठे मागे नेतात याचा आलेखही मला दिसतो. जे लिहिते आहे ते बरंचसं त्या आलेखांनी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी मला शिकवलेलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळच्या पहिल्या तासाला जाणं तिसऱ्या आठवड्यातच सुटलं. रेकॉर्डिंग आहेच, सुट्टीत निवांत बघू असं म्हणत राहिलो. आता २३ लेक्चरं साठली आहेत, प्रत्येक ५० मिनिटांचं. परीक्षेला तीन आठवडे आहेत. सगळी दुप्पट वेगाने बघितली तर चालेल का?

आधी हिशोब मांडू. २३ गुणिले ५० म्हणजे १,१५० मिनिटं, म्हणजे साधारण १९ तास. दुप्पट वेगाने साडेनऊ. हा आकडा बघून तुला हायसं वाटलं असेल आणि घात तिथेच होतो. साडेनऊ तास हा बघण्याचा वेळ आहे, शिकण्याचा नाही. थांबवत, लिहीत, उदाहरण स्वतः सोडवत गेलं तर ५० मिनिटांच्या लेक्चराला निदान दीड तास लागतो, असं माझी मुलंच सांगतात. म्हणजे साडेचौतीस तास. २१ दिवसांत बसवायचे तर रोज सुमारे १ तास ४० मिनिटं, तेही एकाच विषयाला. बाकीचे विषय आहेतच.

म्हणून सगळी बघू नकोस. मागच्या प्रश्नपत्रिका आणि पुस्तक समोर घे. प्रत्येक लेक्चरच्या विषयावरची दोन उदाहरणं रेकॉर्डिंग न उघडता सोडवायला बस. सुटली तर ते लेक्चर यादीतून काढून टाक, त्याबद्दल मनाला टोचणी नको. अडलास तर नेमका कुठे अडलास ते एका ओळीत लिही आणि रेकॉर्डिंगमधला तेवढाच भाग काढ. ज्या लेक्चरांवर पुढची पाच-सहा उभी आहेत ती मात्र पूर्ण आणि आधी बघ. माझ्या विषयात प्रसरण (व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) आणि नमुना वितरण (एकाच गटातून वेगवेगळे नमुने घेतले तर त्यांची सरासरी कशी बदलते ते) ही तशी लेक्चरं आहेत. ती कच्ची राहिली की पुढचं सगळं परक्या भाषेतलं वाटतं. तुझ्या विषयात अशी कोणती, हे वर्गातल्या एखाद्या नियमित मुलाला विचार. तो पाच मिनिटांत सांगेल.

आता वेगाबद्दल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या डिलन मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीडपट आणि दुप्पट वेगाने व्हिडिओ बघणाऱ्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या वेगाने बघणाऱ्यांच्या जवळपास इतकंच आठवलं. त्यापुढे वेग वाढला तशी आठवण घसरली. मुलं ही बातमी मला मोठ्या आनंदाने दाखवतात. पण ते व्हिडिओ होते रोमन साम्राज्यावर आणि मालमत्तेच्या मूल्यांकनावर. माहिती ऐकून लक्षात ठेवायची असेल तर कान बराच वेग पेलतो. समीकरणाची एक ओळ दुसरीतून कशी निघाली हे डोक्यात उतरायला लागणारा वेळ मात्र बोलणाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. तेव्हा प्रास्ताविक, मागच्या तासाची उजळणी, हजेरी आणि सूचना दुप्पट वेगाने पुढे जाऊ देत. फळ्यावर सिद्धता सुरू झाली की वेग नेहमीचा ठेव आणि बोट थांबवण्याच्या बटणावर. त्याच अभ्यासात आणखी एक कामाची गोष्ट आहे. दुप्पट वेगाने दोनदा बघायचंच असेल तर लागोपाठ बघून फायदा होत नाही. दुसऱ्यांदा बघणं काही दिवसांनी, चाचणीच्या आधी ठेवलं तर मात्र होतो.

आणि उद्या सकाळच्या तासाला जाऊन बस. चोविसावं लेक्चर आहे, काही कळणार नाही असं वाटेल. तरी जा. साठलेला ढीग उपसायचा तर वरून पडणारी भर आधी थांबली पाहिजे.

प्रश्न : मी एकही तास चुकवत नाही. घरी येऊन रेकॉर्डिंगही बघते, काही तर तीन-तीन वेळा. बघताना सगळं समजतं. पण कोरा कागद घेऊन बसले की दुसऱ्या ओळीवर अडकते. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

नाही गं. तुझ्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. तू मेहनत करते आहेस आणि ती चुकीच्या जागी पडते आहे, हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. कारण अशी मुलं सगळ्यांत लवकर स्वतःला दोष देतात.

तिसऱ्यांदा बघताना पुढचं वाक्य सरांच्या तोंडून येण्याआधीच तुला माहीत असतं. त्या ओळखीच्या भावनेला आपण समजणं म्हणतो. ओळखता येणं आणि मांडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायकल कार्डास आणि एड ओ'ब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना एखादं कौशल्य दुसरा कुणी करताना वारंवार दाखवलं, उदाहरणार्थ डार्ट म्हणजे हाताने फेकायचा छोटा बाण नेमका मध्यावर मारणं. पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांना आपल्यालाही जमेल असं जास्त वाटू लागलं. प्रत्यक्ष बाण मारताना मात्र ते एकदाच बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकाचं रेकॉर्डिंग या बाबतीत जास्त फसवं असतं, कारण त्याच्या हातून गणित अलगद सुटतं आणि ते सोपेपण आपण आपलंच समजतो.

यावरचा उपायही तपासलेला आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं. लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. तुझी तिसरी फेरी म्हणजे ते पुन्हा वाचणं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी शिकत असताना नोकरी करायचे, आठवड्यातले दोन तास चुकायचे. माझी मैत्रीण पहिल्या बाकावर बसून माझ्यासाठी छोट्या टेपरेकॉर्डरवर ते तास टिपायची. ९० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटं. तास ५५ मिनिटांचा. पंचेचाळिसाव्या मिनिटाला खट्ट आवाज होऊन टेप थांबायची. सर कडक होते, त्यांच्या नाकासमोर कॅसेट उलटी करायची तिची हिंमत होत नसे. टेप चालू आहे म्हणून तीही वहीत फारसं लिहीत नसे. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं दोघींकडेही नसायची आणि सिद्धतेचा शेवट नेमका त्या दहा मिनिटांत असायचा.

रविवारी आम्ही समोरासमोर बसायचो. मी ऐकून घेतलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत यायचो आणि तिथून पुढे दोघी मिळून वाट काढायचो. कधी अर्धा तास, कधी अख्खी दुपार. कधी चुकीच्या दिशेने दोन पानं भरायची आणि पुसून पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक चिन्ह चुकलं होतं, ते सापडेपर्यंत अंधार पडला. आज मी वर्गात शिकवते तेव्हा मला जाणवतं की ज्या सिद्धता मी वही न उघडता फळ्यावर लिहू शकते, त्यांतल्या कितीतरी त्या कापल्या गेलेल्या दहा मिनिटांतल्या आहेत. टेपवर पूर्ण ऐकलेल्यांतल्या बऱ्याचशांसाठी मला तयारी करून जावं लागतं.

तुझ्या रेकॉर्डिंगला शेवट आहे, तेव्हा टेप तुलाच थांबवावी लागेल. सर उदाहरण वाचून दाखवतात आणि फळ्याकडे वळतात, तिथे थांबव. स्क्रीन पालथी घाल किंवा लॅपटॉप मिटव. दहा मिनिटं स्वतः झगड. अडलीस तर फक्त पुढची एक ओळ बघ, पुन्हा बंद कर. पहिले चार-पाच दिवस फार त्रास होईल, एका लेक्चराला संध्याकाळ पुरणार नाही. तीन वेळा बघण्यात तुझा तेवढाच वेळ जातो आहे, एवढं मात्र लक्षात घे.

प्रश्न : माझं शाळेपर्यंतचं शिक्षण मातृभाषेतून झालं. विद्यापीठात सगळं परक्या भाषेत. वर्गात निम्मं डोक्यावरून जातं. रात्री रेकॉर्डिंग हळू करून, सबटायटल लावून बघते तेव्हा कुठे लागतं. मैत्रिणी म्हणतात की ही कुबडी आहे, सवय लागेल. खरं आहे का?

कुबडी म्हणणाऱ्या मैत्रिणींना परक्या भाषेत तास ऐकावा लागत नसावा. तू जे करते आहेस ते रेकॉर्डिंगचा सर्वांत योग्य वापर आहे आणि त्याबद्दल तिळमात्र संकोच नको. पाऊणपट वेगाने ऐकण्यात कमीपणा नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये बीबीसीवर लागणारे पाठ बघत. पाठ ठरलेल्या वेळीच लागायचा. तो थांबवायची सोय नाही की मागे न्यायची नाही. त्यांतल्या किती जणांनी या एका बटणासाठी काय दिलं असतं!

सबटायटलबद्दल सावध करते. आपोआप तयार होणारी सबटायटलं साधी वाक्यं बरी पकडतात आणि पारिभाषिक शब्दांवर अडखळतात. नेमका जो शब्द तुला हवा असतो तिथेच चूक असते. माझ्या एका तासात ‘मीन’ (म्हणजे सरासरी) या शब्दाच्या जागी पूर्ण वेगळाच शब्द उमटला होता आणि एका मुलाने तोच वहीत उतरवला. म्हणून तासाच्या आदल्या रात्री पुस्तकातल्या पुढच्या प्रकरणाची फक्त शीर्षकं आणि ठळक शब्द चाळ. दहा शब्द निवड, अर्थ तुझ्या भाषेत लिही. वर्गात ते दहा शब्द कानावर पडले तरी वाक्याचा सांगाडा हाती लागतो.

आणखी एक युक्ती, ही माझ्या एका विद्यार्थिनीची आहे. वर्गात हरवलीस की धडपडून सगळं लिहीत बसू नकोस. वहीच्या कडेला घड्याळातली वेळ लिही, ‘१०:१७’, आणि पुढे ऐकत राहा. तास दहाला सुरू झाला असेल तर रात्री सतराव्या मिनिटाच्या थोडं आधीपासून बघायचं. अख्खा तास पुन्हा बघायची गरजच उरत नाही. तिच्या वहीत सुरुवातीला एका पानावर अशा नऊ-दहा नोंदी असायच्या. वर्षअखेरीला दोन किंवा तीन. तिने त्या मोजलेल्या नव्हत्या, मीच वही मागून घेऊन मोजल्या. ते पान मी तिच्या परवानगीने झेरॉक्स करून ठेवलं आहे.

प्रश्न : मी तुमच्यासारखाच प्राध्यापक आहे. रेकॉर्डिंग द्यायला लागल्यापासून ८० जणांच्या वर्गात ३० दिसतात. रिकाम्या बाकांसमोर शिकवताना मन लागत नाही. रेकॉर्डिंग बंद करावं असं वाटतं. तुमचं मत?

सर, रिकाम्या बाकांचं दुःख मला कळतं. तरी बंद करू नका असंच सांगेन. वर्गात न येणाऱ्या ५० जणांत आळशी असतील, पण कामाला जाणारे, आजारी, घरात कुणाचं तरी करणारे आणि वरच्या पत्रातल्या मुलीसारखेही असतात. रेकॉर्डिंग बंद केलं की आळशी मुलगा दुसऱ्याची वही मिळवतो. मार खातात ते बाकीचे.

रेकॉर्डिंगने मला काय दिलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका लेक्चरच्या आलेखात चौतिसाव्या मिनिटाला सुळका दिसला. त्या एका मिनिटावर मुलं पुन्हा पुन्हा मागे येत होती. मी ते मिनिट उघडून ऐकलं. नमुन्याचं प्रसरण काढताना नमुन्यात जितके आकडे आहेत (त्याला आपण ‘एन’ म्हणतो) तितक्याने न भागता त्यातून एक वजा करून भागतो. त्या जागी मी म्हटलं होतं, ‘इथे एन वजा एकने भागायचं, हे लक्षात ठेवा,’ आणि पुढे गेले होते. बारा सेकंदं. इतकी वर्षं मी ते वाक्य तसंच म्हणत आले होते आणि वर्गात एकाही मुलाने हात वर केला नव्हता. रात्री मात्र सगळी त्याच जागी येऊन थांबत होती.

पुढच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं : पाच संख्या, सरासरी १०. पहिली सांगा. ७, मागून कुणी म्हणालं. मग १२, ९, १४. पाचवी सांगा, म्हटलं. दोघं-तिघं बोलायला गेली आणि थांबली. एक मुलगी म्हणाली, ‘पाचवी सांगायची सोयच नाही, ती ८ च आहे.’ बेरीज ५० व्हायला हवी, चौघांची ४२ झाली. सरासरी ठरली की चार संख्या मोकळ्या, पाचवी बांधलेली. सरासरीपासूनच्या अंतरांचंही तसंच : उणे ३, २, उणे १, ४, आणि शेवटचं उणे २ असायलाच हवं, कारण सगळ्यांची बेरीज शून्य. पाच अंतरं दिसतात, पण स्वतंत्र माहिती चारांचीच. पाचाने भागलं तर प्रसरणाचा अंदाज सरासरीने कमी येतो. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. त्या रेकॉर्डिंगच्या आलेखात तिथे सुळका नाही. तुमच्या आलेखात तो कुठे आहे ते एकदा बघाच. वर्गात न विचारलेले प्रश्न तिथे दिसतात.

हजेरीचं म्हणाल तर, रेकॉर्डिंगमध्ये मावणार नाही असं काहीतरी वर्गात ठेवा. मी दर पंधरा मिनिटांनी एक छोटा प्रश्न टाकते, चार मिनिटं शेजाऱ्याशी बोलून सोडवायचा. कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर चार तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी ठेवली. मुलांचं मन भरकटणं जवळपास निम्म्यावर आलं आणि टिपणं वाढली. त्यामुळे हे घरी बघणाऱ्यांसाठीही करता येतं. शिवाय रेकॉर्डिंगखाली कुठल्या मिनिटाला काय आहे याची चार ओळींची यादी द्या. ती लिहायला मला पाच मिनिटं लागतात आणि मुलांचा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

प्रश्न : प्रवासात किंवा कामं करताना इअरफोन लावून लेक्चर ऐकलं तर चालतं का?

एकदा नीट बसून झालेलं असेल तर जरूर, उजळणीला छान. पहिल्यांदाच ऐकत असशील तर नको. आकृती दिसत नाही, आणि अडलं तरी हात गुंतलेले असल्याने तू पुढे जाऊ देशील.

प्रश्न : आमच्याकडे रेकॉर्डिंग देत नाहीत. मोबाईलवर मी स्वतः केलं तर? आणि ते ग्रुपवर टाकलं तर?

शिक्षकांना विचारून कर. कारण सांगितलं तर बरेच जण हो म्हणतात. ग्रुपवर टाकण्याआधी मात्र पुन्हा विचार, कारण त्यात फक्त शिक्षकांचा आवाज नसतो. चुकीचं उत्तर देणाऱ्या तुझ्या वर्गमित्राचाही असतो.

प्रश्न : रेकॉर्डिंग बघताना शंका येते, पण सरांना मेल लिहायचा धीर होत नाही. ‘हा भाग समजला नाही’ असं लिहिलं तर ते म्हणतील, पुन्हा बघ.

‘हा भाग’ असं लिहिलंस तर म्हणतीलही, कारण त्यांना कुठून सुरू करायचं ते कळणार नाही. मिनिट लिही. तुला कुठपर्यंत समजलं ते लिही आणि तू काय करून पाहिलंस ते लिही. माझ्याकडे आलेला एक मेल इथे देते, मुलाने आनंदाने परवानगी दिली :

‘मॅडम, नवव्या लेक्चरात २२:४० ला तुम्ही दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर आलात. दुसरी मला समजली. तिसरीत दोनाने गुणलं आहे, ते दोन कुठून आले ते कळलं नाही. मी दोन वेळा सोडवून बघितलं, माझ्याकडे येत नाहीत. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे.’

मी फोटो उघडला. त्याचं बरोबर होतं. ते दोन माझ्याकडून चुकून लिहिले गेले होते. त्या रेकॉर्डिंगखाली आता दुरुस्तीची एक ओळ आहे, २२:४० च्या पुढे.